त्यांचं कार्ड माझ्या पर्समध्ये

मुलाच्या घराच्या स्वयंपाकघरातून नदी दिसत नाही, पण नदीतून जाणाऱ्या बोटी दिसतात. त्या आपल्यापेक्षा वरून जातात. घरामागे गवताचा उंच बांध आहे आणि बांधापलीकडे नदी. बांधाच्या वरून बोटीचा झेंडा, काचेची खोली, कधी दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं हळूहळू सरकत जातं. पहिल्या वेळी आले तेव्हा भांडी घासताना हे पाहिलं आणि हातातली कढई तशीच राहिली. बोट वर म्हणजे पाणी वर. पाणी वर म्हणजे आपण खाली. मुलाला विचारलं, "हा बांध फुटला तर?" तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "आई, इथं फुटत नाही." मुलाच्या या डच गावात, कापेल आन डेन आयसेलला, सगळे असेच राहतात. पाण्याच्या खाली झोपतात आणि सकाळी सायकलवर बसून कामाला जातात. मला मात्र तिथं पहिला महिनाभर पायात चप्पल घालूनच झोपावंसं वाटायचं.

आमचे हे खूश होते. यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. कुठल्या गेटातून किती पाणी, कुणाच्या शेताला किती तास, हेच आयुष्यभर केलं. इथं आल्यावर रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे, पँट घोट्याच्या वर एक घडी दुमडून. ती कालव्यावरची सवय. परत आले की मला सांगायचे, "आज भरती जास्त आहे." मी म्हणायचे, "चहा घ्या."

यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलगा म्हणाला, तुम्हाला दोघांना कुठंतरी पाठवतो. सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली.

"बाबा, ही स्वित्झर्लंडची बस टूर. गाइड मराठी, जेवण आपलं."

"डोंगर बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडं घाट कमी आहेत का?"

"मग पॅरिस? आयफेल टॉवर?"

"लोखंडच ना ते?"

सून हसायला लागली. तेवढ्यात पडद्यावर एका लांबट बोटीचं चित्र आलं आणि यांनी चष्मा लावला. "ही कसली?"

"रिव्हर क्रूझ. नदीतल्या नदीत फिरवतात. इथल्याच नद्या, चार दिवस. पण बाबा, बोअर व्हाल. सगळे म्हातारे असतात तिच्यावर."

"मी काय कॉलेजात आहे? मला सांग, वाटेत लॉक लागतात का?"

लॉक लागत होते. मग यांना दुसरं काही नको होतं. मला लॉक म्हणजे कुलूप एवढंच माहीत. यांनी मला समजावून सांगितलं. एका बाजूला पाणी खाली, दुसऱ्या बाजूला वर, मधे मोठा हौद, हौदाला दोन्हीकडून दारं. बोट हौदात घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. बोट आपोआप वर चढते. हे सगळं यांनी तांब्या, पेला आणि पेल्यात तरंगणारी एक लवंग घेऊन करून दाखवलं. मी त्या लवंगेकडे बघत होते. तिला धरायला काहीच नव्हतं.

सुनेनं मला विचारलं, "आई, तुम्हाला चालेल ना? केबिन खालच्या मजल्यावर घेऊ की वरच्या? खालच्या खिडक्या पाण्याच्या अगदी जवळ असतात."

मला वरची हवी होती. खरं तर मला बसच हवी होती. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि असं झालं की मला बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी म्हटलं, "कुठलीही चालेल."

निघायच्या आदल्या दिवशी नातीनं माझ्या भीतीत आणखी भर घातली. ती आठ वर्षांची. इथं मुलांना पोहण्याची परीक्षा असते, अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात टाकतात, कारण पडायची वेळ आली तर कुणी पोहायचे कपडे घालून पडत नाही. तिनं ती परीक्षा दिली आहे, डिप्लोमा भिंतीवर लावला आहे. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते. तिनं विचारलं, आजी, तुझ्याकडे डिप्लोमा नाही, मग तुला बोटीवर घेतील का? मला वाटलं, नाही घेतलं तर किती बरं. पण त्यांनी घेतलं.

बोटीवर चढल्यावर समोर एक टेबल होतं, त्यामागे निळ्या कोटातली एक मुलगी. आमच्या सुनेच्याच वयाची. तिच्या मागे भिंतीवर एक फळा आणि फळ्यावर ओळीनं हुक. तिनं आम्हाला पद्धत सांगितली, यांनी मला सांगितली. प्रत्येकाचं एक कार्ड. बोटीतून उतरताना ते कार्ड घेऊन जायचं, परत आलं की द्यायचं. ती ते हुकला लावणार. सगळे हुक भरले म्हणजे सगळी माणसं आत. मगच बोट सुटणार.

"म्हणजे कुणी मागं राहायचा प्रश्नच नाही," हे म्हणाले. "पद्धत चांगली आहे यांची." आणि स्वतःचं कार्ड माझ्या हातात दिलं.

यात मला काही वावगं वाटलं नाही. यांचे सगळे कागद माझ्या पर्समध्येच असतात. लग्नानंतर दोनच वर्षांत हे गेट बघायला वाकले आणि वरच्या खिशातलं रेशन कार्ड कालव्यात पडलं. पाणी सुटलेलं होतं. हे काठाकाठानं पळत गेले, पण कार्ड पुढच्या गावाला गेलं. तेव्हापासून रेशन कार्ड, पासबुक, आता पासपोर्ट, डोळ्यांचं औषध, साखरेच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे. यांना साखर आहे. सकाळची गोळी घेतली की साडेबाराच्या आत पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर घाम सुटतो, हात थरथरतात. एकदा घरी स्वयंपाकघरातच खाली पडले होते. म्हणून ग्लुकोजची बिस्किटंही माझ्याच पर्समध्ये.

केबिन छोटी पण स्वच्छ होती. खिडकी उघडत नव्हती, आणि पाणी खिडकीच्या एक वीतभर खाली. पलंगावर बसलं की आपले डोळे आणि नदी जवळजवळ एका पातळीत. मी पडदा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी धीर करून उघडला तर नदी नव्हतीच, हातभरावर दुसऱ्या बोटीची खिडकी होती आणि तिच्यात एक गोरा म्हातारा दाढी करत होता. त्यानं मला ब्रश हलवून नमस्कार केला. मी पडदा ओढला. हे अंथरुणावरून म्हणाले, "अगं, बोटी एकमेकींना बांधतात रात्री. काठ कमी पडतो."

"आणि आपल्याला बाहेर जायचं असलं तर?"

"त्यांच्या बोटीतून जायचं."

खरंच तसं होतं. आपल्या बोटीच्या दारातून दुसऱ्या बोटीच्या दारात, तिथून काठावर. दोन्ही बोटी एकसारख्या, तेच गालिचे, तशीच टेबलं, तशीच निळ्या कोटातली मुलगी. मला वाटलं, येताना चुकून ह्याच बोटीत राहिलो तर कुठं जाऊ? मी यांच्या शर्टाची बाही धरून चालले. परत आल्यावर दोन्ही कार्डं मुलीला दिली. तिनं दोन्ही हुकला लावली. दुसऱ्या गावालाही तसंच. दोन माणसं, दोन कार्डं, एक पर्स.

तिसऱ्या दिवशी एका लहान गावाला थांबलो. नाव मला लिहिता येत नाही. विटांची घरं, चर्च, बाजार. बोट बाराला सुटणार असं दाराशी आकड्यांत लिहिलं होतं, तेवढं मला वाचता येतं. चालून माझे गुडघे दुखायला लागले. साडेअकराला बाकीची माणसं परत निघाली. हे मात्र थांबले. चर्चच्या मागे कालवा आणि त्यावर मोठं लॉक आहे, हे यांनी सकाळीच नकाशावर बघून ठेवलं होतं.

"तू यांच्याबरोबर हो पुढं. मी दहा मिनिटांत आलो. एक नजर टाकतो फक्त."

"उशीर करू नका."

"अगं, मोजल्याशिवाय ते सोडणार आहेत का?"

मी त्या लोकांच्या मागे मागे बोटीवर आले. दारात गर्दी होती, सगळे आपापली कार्डं देत होते. माझा नंबर आला. मी पर्स उघडली आणि दोन्ही कार्डं दिली. मुलगी हसली, मी हसले, तिनं दोन्ही लावली. मी खाली केबिनमध्ये जाऊन बूट काढले आणि पाय चोळत बसले. मी काय केलं आहे याची मला जाणीवही नव्हती.

खिडकीतून धक्क्याची दगडी भिंत दिसत होती. हिरवं शेवाळ, एक गंजलेली कडी. मी त्या कडीकडे बघत होते. पायाखाली घरघर सुरू झाली आणि कडी हलली. मला वाटलं, मला चक्कर येते आहे. मग कडी खिडकीच्या कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. तिच्यामागे भिंत सरकायला लागली.

मी पहिल्यांदा स्वतःला समजावलं की हे वर असतील. आले असतील आणि वर जाऊन उभे राहिले असतील. बूट न घालता मोज्यांवरच जिना चढले. जेवणाच्या खोलीत नव्हते. गच्चीवर गेले, तिथं खुर्च्यांवर माणसं उन्हाला बसली होती, एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत गेले. नव्हते. गाव मागे जात होतं. आमच्या टेबलावर जेवायला बसणारी एक डच आजी होती, तिनं हाताला धरून मला काही विचारलं. मी मान हलवली आणि पुढे गेले. ती काही मिनिटं आठवली की मला अजून माझीच लाज वाटते. माणूस काठावर राहिला होता आणि मी लाजत होते.

मग पर्सला हात लागला आणि आत बिस्किटांचा पुडा वाजला. त्या आवाजानं मला सगळं एकदम कळलं. दोन कार्डं. मीच दिली.

मी टेबलापाशी गेले. मला येणाऱ्या इंग्रजीतले दोन शब्द काढले. "हजबंड. नो."

मुलीनं मागे फळ्याकडे पाहिलं. आमच्या नंबरचे दोन्ही हुक भरलेले. ती गोड हसली आणि बोटानं दाखवलं, यस, यस, हजबंड आहे. मी म्हटलं, "नो." ती पुन्हा म्हणाली, "यस." तिचंही चुकत नव्हतं. फळा सांगत होता.

मी टेबलाच्या मागे गेले. तिथं जायचं नसतं हे मला समजत होतं. हुकवरून यांचं कार्ड काढलं, छातीशी धरलं आणि काठाकडे हात करून ओरडले, "नाही! माझा नवरा तिकडं आहे! तिकडं राहिलाय!" मराठीतच ओरडले. जेवणाच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मुलीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे, कार्डाकडे, माझ्या पर्सकडे पाहिलं आणि तिला उमगलं.

तिनं घाईनं कागदावरून नंबर बघून फोन लावला. यांचा फोन माझ्या पर्समध्ये वाजला. आम्ही दोघी त्या वाजणाऱ्या पर्सकडे बघत राहिलो.

ती खुणा करून विचारत होती, कुठं, कुठं? तेव्हा मला पेल्यातली लवंग आठवली. मी म्हटलं, "लॉक. हजबंड, लॉक."

"लॉक?" तिनं पुढे हात केला, बोट जात होती त्या दिशेला. "धिस लॉक?" आणि आतला फोन उचलून कॅप्टनशी भराभर बोलायला लागली. फोन ठेवून तिनं मला दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं. आम्ही त्याच लॉकमध्ये जाणार होतो.

ती दहा मिनिटं मी उघड्या दाराशी दांडी धरून उभी होते. एवढ्या जवळून पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या वेळी पाण्याची भीती वाटत नव्हती. भीती दुसरीच होती. बारा वाजून गेलेले. हे घड्याळ बघून परत निघाले असतील तर? चर्चच्या मागच्या रस्त्यानं हे धक्क्याकडे चालत जातील आणि आम्ही पाण्यातून इकडे येऊ. धक्क्यावर बोट नाही, खिशात कागद नाही, फोन नाही, पोटात सकाळचा पावाचा तुकडा. भाषा येत नाही त्या गावात घाम फुटून कुठल्या बाकावर बसतील? कोण बिस्किट देईल? चाळीस वर्षं मी यांच्या उशिरावरून भांडले. जेवण गार झालं, भाकरी कडक झाली, पाहुणे निघून गेले. त्या दिवशी मी हात जोडून म्हटलं, देवा, आजही उशीर होऊ दे यांना.

बोट हळू झाली आणि दोन भिंतींच्या मधे शिरली. भिंती ओल्या, काळ्या, माझ्या नाकापासून हातभर. वर आभाळाची एक पट्टी. मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला आणि अंधारल्यासारखं झालं. विहिरीत सोडल्यावर बादलीला असं वाटत असेल. मी मान वर करून बघत होते. भिंतीच्या कडेला कठडा होता, कठड्यामागे काही पाय. एक लाल बूट, एक सायकलचं चाक, एक कुत्रा. आणि त्यांच्या पलीकडे मुलानं घेऊन दिलेले पांढरे बूट, त्यांच्यावर एक घडी दुमडलेली पँट.

"अहो!"

पाय हलले नाहीत. हे दाराकडे बघत होते, दुसरीकडे कुठं लक्ष असणार!

"अहो! इकडं! खाली बघा!"

यांचं तोंड कठड्यावरून खाली आलं. आनंदानं फुललेलं. "अगं! तू इथं कशी? हे गेट बघ, केवढं आहे, आणि जरा आवाज नाही!"

"बोट सुटली आपली!"

"सुटली? मग तू कुठल्या बोटीत आहेस?"

"आपल्याच!"

यांनी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग घड्याळाकडे. तेव्हा कुठं चेहरा बदलला. "पण मी तर आत नाही," हे म्हणाले. "मला न मोजता कशी सोडली?"

पाणी वर यायला लागलं होतं. कुठून येत होतं दिसत नव्हतं, पण भिंतीचा ओला भाग कमी कमी होत चालला आणि मी वर जायला लागले. यांचे बूट माझ्या डोक्यावर होते, मग डोळ्यांसमोर, मग कमरेशी. ज्या पाण्याला मी तीन दिवस पडदा लावून बसले होते, ते मला उचलून यांच्यापाशी नेत होतं. कॅप्टननं लॉकच्या माणसाशी बोलून परवानगी घेतली होती. बोटीवरच्या एका माणसानं कठड्याचं फाटक उघडलं आणि यांना हात देऊन आत घेतलं. दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांचा हात गार होता आणि थोडा थरथरत होता.

"तीन मीटर तरी चढली असेल," हे म्हणाले.

"आधी बिस्किट खा."

जेवण झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. काठावर गाई चरत होत्या, काही आमच्यापेक्षा खाली. यांनी मुलाला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पद्धत चांगली, पण ती पोरगी मोजणीत चुकली." मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, हे सीरियस आहे. मी आजच कंपनीला मेल करते. त्या बाईचं नाव काय?"

हे मला म्हणाले, "नाव काय गं तिचं? कोटावर लावलेलं असतं."

ती मुलगी त्याच वेळी खालून वर आली होती. कुणाला तरी पाणी देत होती. तिनं तेव्हापासून माझ्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. मला पुन्हा तसंच झालं. मी मान हलवून गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. हे फोन कानाला लावून वाट बघत होते.

"तिची चूक नाही," मी म्हटलं. "तुमचं कार्ड मी दिलं. माझ्याबरोबर. दोन्ही."

यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "मेल नको करू. नंतर सांगतो." फोन ठेवला. मला वाटलं आता चिडतील. यांनी फक्त हात पुढे केला. "दे."

मी पर्समधून यांचं कार्ड काढलं. मघाशी छातीशी धरलं होतं ते परत फळ्यावर गेलंच नव्हतं. यांनी ते शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं.

"तिथं नको," मी म्हटलं. "वाकलात की पडेल."

"मग कुठं ठेवू?"

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, उठून यांच्यासमोर उभी राहिले आणि खिशाचं तोंड पिननं बंद केलं. बोट चालत होती, पायाखाली पाणी होतं. पिन नीट लागली की नाही, हे मी दोनदा ओढून पाहिलं.